ई-मेलमधील व्हायरस कसे गाळले जातात

प्लेग आणि पटकी यांच्या साथींच्या काळात भूमध्य समुद्राच्या काठावरील बंदरांमध्ये परदेशातून आलेल्या पत्रांना धुरी देण्याची चाल होती. माल्टा, मार्सेय, व्हेनिस अशा ठिकाणी संशयित मुलखातून जहाज आले, की उतारूंना व मालाला काही दिवस विलग ठेवीत आणि टपालाच्या थैल्या धुरीसाठी नेत. लिफाफ्याला पात्याने चिरा पाडून धूर आत शिरू देत, काही ठिकाणी पत्र व्हिनेगरमध्ये बुडवून काढीत, आणि मग ते पुढे रवाना होई. या पद्धतीत एक सोय होती. धुरी देणाऱ्याला पत्रातील मजकूर वाचण्याचे कारण पडत नसे.

ई-मेलच्या टपालालाही गेली पंचवीस-तीस वर्षे साथींचा उपद्रव होत आला आहे, आणि तेथेही पत्र घरी पोचण्यापूर्वी वाटेत त्याची तपासणी होते. परंतु या पत्रांना धुरी देता येत नाही. संगणकाचा व्हायरस हा जंतू नव्हे. तो एक प्रोग्रॅम, म्हणजे संगणकाने पाळावयाच्या आज्ञांची मालिका असतो. आणि ज्या अंकांनी आपले छायाचित्र किंवा आपला अर्ज लिहिला जातो, त्याच अंकांनी तोही लिहिलेला असतो. दोहोंतील भेद वाचल्यावाचून कळत नाही. म्हणून इंटरनेटची सेवा पुरवणाऱ्या संस्थेला (पुढे तिला आपण नुसते ‘सेवादाता’ म्हणू) आपल्या ग्राहकांचे प्रत्येक पत्र उघडून अथपासून इतिपर्यंत वाचावे लागते. वाचणारा माणूस नसून यंत्र असते, हे खरे. तरीही ते यंत्र काय वाचते, कशावरून निर्णय घेते, आणि त्याचा निर्णय चुकला तर नुकसान कोणाचे होते, हे ज्याचे पत्र आहे त्याला ठाऊक असावे.

तपासणी वाटेत का?

पत्रातून पसरणाऱ्या व्हायरसने जगाचे लक्ष वेधले ते १९९९ च्या मार्च महिन्यात. २६ मार्च रोजी ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस पसरू लागला. तो वर्ड या लेखनप्रणालीच्या दस्तऐवजात दडलेला असे. दस्तऐवज उघडला, की तो त्या संगणकावरील पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत धाडी. पुढील वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपाइन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने हा हिशेब आणखी वाढवला. तो यादीतील सर्वच पत्त्यांवर जाई. प्रेमपत्र म्हणून आलेली त्याची फाइल नावावरून साधा मजकूर वाटे. कारण विंडोज प्रणाली नावाचा शेवटचा, फाइलीचा प्रकार सांगणारा तुकडा लपवून ठेवीत असे, आणि ती फाइल वस्तुतः आज्ञावली आहे हे सांगणारा तुकडा नेमका तोच होता. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला त्या दिवशी आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

प्रत्येकाने आपापल्या संगणकावर व्हायरसविरोधी प्रोग्रॅम ठेवला म्हणजे झाले, असा विचार तोवर प्रचलित होता. तो अपुरा का ठरला, हे २००३ सालच्या ‘सोबिग-एफ’च्या साथीवरून स्पष्ट होते. या व्हायरसची फाइल सुमारे ७० किलोबाइटची होती आणि पत्रात बसवल्यावर ती जवळजवळ १०० किलोबाइट होई. त्या काळी बहुसंख्य घरांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे. तिचा कमाल वेग सेकंदाला ५६ हजार बिट, म्हणजे सुमारे ७ किलोबाइट. अशी शंभर पत्रे येऊन पडली असतील, तर ती उतरवून घेण्यातच आदर्श स्थितीतही चोवीस मिनिटे खर्ची पडत, आणि तेवढ्या वेळाचे टेलिफोनचे बिल ग्राहकाच्या माथी येई. घरच्या प्रोग्रॅमने ती सर्व पत्रे ओळखून पुसली, तरी पैसे आणि वेळ गेलेलाच. नदीचे पाणी घरोघर गाळण्याऐवजी जलशुद्धीकरण केंद्रात एकदाच गाळावे, हा विचार येथेही लागू पडतो.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरच्या संगणकाला एकच पत्र दिसते. सेवादात्याला लाखो दिसतात. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या हजार ग्राहकांना दहा मिनिटांत हुबेहूब एकच फाइल येऊ लागली, तर ती फाइल काय आहे हे कळण्यापूर्वीच तिचा संशय घेता येतो. गावातील एकेका घरात एकेक आजारी माणूस असतो. साथ आल्याचे कळते ते दवाखान्यात. ब्रिटनमध्ये ‘स्टार इंटरनेट’ या सेवादात्याच्या अशाच कामातून १९९९ साली ‘मेसेजलॅब्स’ ही पत्रे गाळणारी स्वतंत्र कंपनी निघाली. सोबिग-एफ शिगेला पोचला असताना आपण तपासलेल्या दर १७ पत्रांमागे एका पत्रात तो आढळला, असे तिने जाहीर केले होते.

दोन सर्व्हरांमधील संभाषण

पत्र कोठे अडवावयाचे हे समजण्यासाठी ते प्रवास कसे करते, हे पाहिले पाहिजे. आपण पत्र धाडले, की ते प्रथम आपल्या सेवादात्याच्या सर्व्हरकडे जाते. हा सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू असणारे टपालघर. तो पत्त्यावरून पलीकडचे टपालघर शोधून काढतो आणि त्याच्याशी संभाषण सुरू करतो. या संभाषणाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्यांत पुढे भर पडली, पण सांगाडा आजही तोच आहे. आधी अभिवादन, मग पत्र कोणाकडून, मग कोणासाठी, आणि मग पत्राचा मजकूर. एका ओळीत केवळ एक टिंब आले, की मजकूर संपला असे समजावयाचे.

टिंबानंतर घेणारा सर्व्हर एक अंक उच्चारतो. २५० म्हटले, की पत्र स्वीकारले. ५५० म्हटले, की नाकारले. ४ ने सुरू होणारा अंक म्हणजे ‘तूर्त अडचण आहे, थोड्या वेळाने या’. २५० हा अंक उच्चारणे ही साधी गोष्ट नव्हे. तो उच्चारताच पत्राची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. यापुढे पत्र पोचवणे किंवा पोचवता आले नाही असे पाठवणाऱ्यास कळवणे, हे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. म्हणून तपासणी त्या अंकापूर्वी करावी की नंतर, या प्रश्नाला फार महत्त्व आहे. आधी केली, तर पलीकडच्या सर्व्हरला काही सेकंद तिष्ठत ठेवावे लागते आणि गर्दीच्या वेळी दाराशी रांग लागते. नंतर केली, तर निवांतपणे करता येते. परंतु सदोष निघालेल्या पत्राचे काय करावयाचे हा पेच आपल्या पदरात पडतो.

पत्र उघडण्यापूर्वी काही स्वस्त परीक्षा होतात. ज्या पत्त्यांवरून सतत दूषित पत्रे येतात अशा संगणकांच्या याद्या ठेवलेल्या असतात. अशा संगणकाशी बोलणेच टाळले जाते. दुसरी एक युक्ती २००३ साली प्रचारात आली आणि तिची मौज वाटल्याशिवाय राहत नाही. अनोळखी सर्व्हर पत्र घेऊन आला, की त्याला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगावयाचे. खरा सर्व्हर नियमाप्रमाणे पुन्हा येतो. व्हायरसने स्वतःबरोबर आणलेले तुटपुंजे टपालयंत्र मात्र पुन्हा यावयाची तसदी घेत नाही, कारण त्याला पुढच्या हजार दारांवर जावयाचे असते. मोबदल्यात पहिल्यांदाच पत्र लिहिणाऱ्या प्रामाणिक माणसाचे पत्र काही मिनिटे उशिरा पोचते.

गाठोडे सोडणे

पत्र आत आले, की ते सोडवून पाहावे लागते. ई-मेलची मूळ व्यवस्था केवळ इंग्रजी अक्षरांसाठी होती. चित्रे, ध्वनी, प्रोग्रॅम हे त्यातून पाठवता यावेत म्हणून १९९२ साली ‘माइम’ नावाचे नियम ठरले. त्यांतील एका प्रचलित पद्धतीत फाइलीतील दर तीन बाइटांऐवजी ठरावीक ६४ चिन्हांपैकी चार चिन्हे लिहितात. पत्रात बसवलेली फाइल एकतृतीयांशाने फुगते ती यामुळेच. याचा परिणाम असा, की पत्राच्या दृश्य मजकुरात व्हायरसची खूण शोधण्यात अर्थ नसतो. तेच बाइट तीन-तीनच्या गटात पहिले पडले, दुसरे पडले की तिसरे, यावरून त्यांचे लेखी रूप पालटते. म्हणून तपासणी करणारा प्रोग्रॅम प्रथम मूळ फाइल परत घडवतो.

मग तिचे नाव पाहतो, पण नावावर विसंबत नाही. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल ‘एम’ आणि ‘झेड’ या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होते, आणि झिप पद्धतीने आवळलेली फाइल ‘पी’ व ‘के’ या अक्षरांनी. (ही त्या त्या रचनाकारांची आद्याक्षरे होत: मार्क झ्बिकोव्स्की आणि फिल कॅट्झ.) नावात छायाचित्र म्हटले आहे आणि आरंभी ‘एम झेड’ आहे, एवढ्यावरून पुष्कळदा निकाल लागतो.

झिपच्या गाठोड्यात दुसरे गाठोडे, त्यात तिसरे, असेही असू शकते. आणि प्रत्येक सोडावे लागते. येथे सोडणाऱ्यालाच सापळ्यात पकडण्याची तऱ्हा कोणीतरी काढली. ४२ किलोबाइटची एक प्रसिद्ध झिप फाइल आहे. तिच्यात सोळा, त्या प्रत्येकीत सोळा, अशा पाच पायऱ्या उतरून गेल्यावर तळाशी प्रत्येकी सुमारे ४.३ गिगाबाइटची एकेक फाइल आहे. सर्व उलगडल्यास ४.५ पेटाबाइट, म्हणजे जवळजवळ ४५ लाख गिगाबाइट होतात. भाबडेपणाने ती सोडत बसलेला सर्व्हर जागेअभावी बंद पडावा आणि त्याच्या मागे थांबलेली सर्वांची पत्रे खोळंबावीत, हा तिचा हेतू. म्हणून किती पायऱ्या उतरावयाचे आणि किती जागा वापरावयाची, याच्या मर्यादा आधीच घालून ठेवतात.

खुणांचा शोध

आता मुख्य काम. ज्ञात व्हायरसांतून निवडलेल्या बाइटांच्या लहान मालिका, म्हणजे त्यांच्या खुणा, सेवादात्याजवळ असतात. दिवसातून अनेकदा त्यांत भर पडते आणि त्यांची संख्या लक्षावधी आहे. एकेक खूण घेऊन सारी फाइल चाळावयाची म्हटले, तर एका पत्राला दिवस पुरणार नाही. सर्व खुणा एकाच वाचनात शोधण्याची रीत अल्फ्रेड एहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ साली दाखवून दिली. ती व्हायरससाठी नव्हती. ग्रंथसूचीत शब्द शोधण्याच्या कामातून ती निघाली.

रीत समजण्यासाठी ‘करवत’, ‘करमणूक’ आणि ‘वतन’ असे तीन शब्द आपल्याला शोधावयाचे आहेत असे मानू. ‘करवत’ आणि ‘करमणूक’ यांचा आरंभ एकच असल्याने ‘क’ व ‘र’ ही अक्षरे दोघांसाठी एकदाच पाहावयाची. पुढे ‘व’ आला तर एक वाट, ‘म’ आला तर दुसरी. आता मजकुरात ‘करवतन’ अशी अक्षरे आली. चार अक्षरे वाचताच ‘करवत’ सापडला. येथे सामान्य वाचक पुन्हा मागे जाऊन दुसऱ्या अक्षरापासून शोध सुरू करील. या रीतीत मागे जाण्याचे कारण नाही. कारण आत्ताच वाचलेल्या ‘करवत’चे शेपूट ‘वत’ हेच ‘वतन’चे तोंड आहे, हे आधीच टिपून ठेवलेले असते. म्हणून पुढचा ‘न’ वाचताच ‘वतन’ही सापडतो. प्रत्येक अक्षर एकदाच वाचले जाते, खुणा तीन असोत वा तीस लाख. पोलंडमधील तोमाश कोयम यांनी सुरू केलेला आणि २००२ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध असलेला ‘क्लॅमएव्ही’ हा प्रोग्रॅम या रीतीचा उपयोग करतो.

काही खुणा निराळ्या असतात. संपूर्ण फाइलीतील अंकांवर ठरावीक गणित करून एक लहानशी संख्या काढतात. तिला फाइलीचा ठसा म्हणू. ठसा ताडून पाहणे फार जलद होते, पण फाइलीत एका बिटाचा फरक झाला तरी ठसा साफ बदलतो. व्हायरसच्या कर्त्यांना हे ठाऊक असल्याने ते प्रत्येक प्रतीचे रूप थोडे पालटत राहतात. अशा वेळी संशयित प्रोग्रॅम एका बंदिस्त, कृत्रिम संगणकात चालवून तो काय करतो ते पाहतात. याला मिनिटे लागतात, म्हणून ही परीक्षा मोजक्याच फाइलींच्या वाट्याला येते.

प्रत्येक व्हायरस अचूक ओळखील आणि निर्दोष फाइलीवर कधीच आळ घेणार नाही, असा परीक्षक कधी तरी निर्माण होईल काय? अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात याचे उत्तर नकारार्थी दिले, आणि त्यांचा युक्तिवाद शाळेतील मुलांनाही समजेल असा आहे. असा परीक्षक आहे असे समजा. मग मी एक प्रोग्रॅम लिहितो, जो त्याच परीक्षकाला विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘होय’ आले, तर तो स्वस्थ बसतो. ‘नाही’ आले, तर तो पसरतो. परीक्षकाने काहीही म्हटले तरी ते खोटे ठरते. तेव्हा चाळणीच्या भोकांतून काही निसटणार आणि काही धान्य कोंड्यात जाणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था आखावी लागते. २१ एप्रिल २०१० रोजी एका मोठ्या व्हायरसविरोधी कंपनीच्या खुणांच्या नव्या यादीने विंडोजचाच एक आवश्यक भाग व्हायरस ठरवला, आणि जगभर अनेक कार्यालयांतील संगणक चालेनासे झाले.

सापडल्यानंतर

व्हायरस सापडला, पुढे काय? मेलिसाच्या वेळी उत्तर सोपे होते. दस्तऐवज खऱ्या माणसाचा, त्यातील व्हायरस उपटसुंभ. व्हायरस काढून दस्तऐवज पुढे पाठवावा, आणि पाठवणाऱ्यास ‘आपला संगणक बाधित आहे’ असे कळवावे. ही सौजन्याची रीत पुढे उपद्रवाची ठरली. सोबिग-एफ हा बाधित संगणकावर सापडलेल्या पत्त्यांपैकी एखादा पत्ता पाठवणारा म्हणून लिहीत असे. मूळ नियमांप्रमाणे पाकिटावरचे ते नाव कोणी पडताळून पाहत नव्हते. परिणामी जगभरच्या सर्व्हरांनी ज्यांना सूचना धाडल्या, त्यांचा त्या पत्राशी काडीचाही संबंध नव्हता. निरपराध माणसांच्या पेट्या आरोपपत्रांनी भरल्या. कित्येकांना व्हायरस आला नाही, पण त्याच्याबद्दलची पत्रे मात्र शेकड्यांनी आली. सोबिग-एफ स्वतःच्या आज्ञेनुसार १० सप्टेंबर २००३ रोजी पसरावयाचा थांबला, परंतु तोपर्यंत पाठवणाऱ्यास सूचना देण्याची पद्धत बदनाम झाली होती.

आज सुजाण सेवादाते २५० म्हणण्यापूर्वीच तपासून ५५० म्हणतात. समोर व्हायरसचे टपालयंत्र असेल, तर नकार तेथेच विरतो. समोर खरा सर्व्हर असेल, तर तो आपल्या माणसाला नकार कळवतो, आणि चुकून अडवलेले पत्र मुकाट्याने नाहीसे होत नाही. जेथे नंतर तपासतात, तेथे शंकास्पद पत्र काही दिवस बाजूला ठेवून ग्राहकास मागून घेण्याची सवलत देतात. पत्र कोणालाही न सांगता नष्ट करणे ही सर्वांत सोपी रीत, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. नोकरीचा अर्ज किंवा रुग्णालयाचा अहवाल अशा रीतीने गेला, तर पाठवणारा समजतो पोचला, घेणारा समजतो पाठवलाच नाही, आणि चूक कोठे झाली याचा मागमूस उरत नाही.

२००४ साली ‘बेगल’ या व्हायरसने कुलूपबंद झिप पाठवावयास सुरुवात केली. किल्लीचा शब्द पत्रातच लिहिलेला असे. तपासणी करणारे प्रोग्रॅम तो शब्द मजकुरातून शोधून कुलूप उघडू लागले, तेव्हा पुढील आवृत्तीने शब्द चित्राच्या रूपात पाठवला. माणसाला तो वाचता येई, यंत्राला नाही. धुरीच्या काळात इटलीतील विलगीकरण केंद्रे न उघडलेल्या पत्रांवर ‘बाहेरून स्वच्छ, आतून मलिन’ असा शिक्का मारीत. कुलूपबंद फाइलीविषयी सेवादात्यालाही याहून अधिक काही म्हणता येत नाही. सर्वच कुलूपबंद फाइली नाकाराव्यात, तर आपल्या देशात बँका ग्राहकांना दरमहा जो खात्याचा उतारा धाडतात, तो बहुधा कुलूपबंदच असतो. लिहिणाऱ्याने पत्र अशा गूढलिपीत लिहिले असेल, की ते केवळ ज्याचे त्यालाच उलगडेल, तर तेही सेवादात्याला वाचता येत नाही. गुप्तता आणि वाटेतील तपासणी ही दोन्ही एकाच पत्राला पूर्णांशाने मिळू शकत नाहीत.

बाहेर जाणाऱ्या पत्रांचीही तपासणी होते, याचा विसर पडू नये. ग्राहकाचा बाधित संगणक थेट जगभरच्या सर्व्हरांशी बोलू नये म्हणून अनेक सेवादाते घरगुती जोडणीवरील ‘२५’ क्रमांकाचे द्वार बंद ठेवतात आणि ग्राहकाचे पत्र नाव व परवलीचा शब्द विचारून ‘५८७’ क्रमांकाच्या द्वाराने स्वतःच्या सर्व्हरवर घेतात. यात परोपकाराइतकाच स्वार्थ आहे. दूषित पत्रे बाहेर गेली, तर सेवादात्याचेच पत्ते इतरांच्या काळ्या यादीत जातात आणि त्याच्या सर्वच ग्राहकांची पत्रे परत येऊ लागतात.

या सर्व बंदोबस्तामुळे पत्रासोबत प्रोग्रॅम धाडण्याची जुनी तऱ्हा आता फारशी फळत नाही. मोठे सेवादाते प्रोग्रॅमच्या फाइली, त्या निर्दोष असल्या तरी, सरसकट नाकारतात. इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांत दडलेल्या आज्ञावल्या मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपल्या कार्यालयीन प्रोग्रॅममध्ये आपोआप रोखावयास आरंभ केला. म्हणून अलीकडच्या दूषित पत्रात बहुधा फाइलच नसते. एखाद्या संकेतस्थळाकडे नेणारा दुवा तेवढा असतो. पहाटे पत्र तपासले जाते तेव्हा त्या स्थळावर काहीच वावगे नसते, आणि सकाळी दहा वाजता, पत्रे वाचण्याच्या वेळी, तेथे व्हायरस आणून ठेवलेला असतो. यावर उपाय म्हणून काही तपासणी-व्यवस्था पत्रातील दुवा बदलून आपल्याच सर्व्हरकडे वळवतात, आणि वाचकाने तो दाबला, की त्या क्षणी पलीकडचे स्थळ तपासून मगच त्याला पुढे जाऊ देतात.